मुलांना वटवाघळे दाखवायची तर संध्याकाळी न्या

वटवाघूळ आंधळे असते, केसांत अडकते, घरात शिरले तर अपशकुन. मुलांनी हे सगळे आधीच ऐकलेले असते. समजावत बसण्यापेक्षा मी त्यांना झाडापाशी नेते.

आदल्या दिवशी घरी जुनी छत्री उघडा. तिच्या काड्या म्हणजे वटवाघळाची लांबलेली बोटे आणि कापड म्हणजे त्यांच्यामधली कातडी. मग मुलांना स्वतःची बोटे फाकवायला सांगा. पंख म्हणजे हातच, हे त्यांना लगेच कळते. अंगठा तेवढा मोकळा असतो, नखीसकट.

मोठी, फळे खाणारी वटवाघळे वड, पिंपळ, चिंच अशा उंच झाडांवर थव्याने राहतात. गावात चौकशी केली की झाड सापडते. सूर्यास्ताआधी तासभर पोहोचा आणि झाडाखाली न बसता तीसेक पावले लांब बसा. टॉर्च, दगड, आरडाओरडा नको.

ही वाट पाहण्याची वेळच खरी मौजेची. उकडत असेल तर ती पंखांनी वारा घेताना दिसतात. उलटे लटकायला त्यांना जोर लागत नाही. अंगाच्या वजनानेच पायाच्या नख्या फांदीवर आवळल्या जातात. एखादे मध्येच अंगठ्यांच्या नख्यांवर लटकून सरळ होते. कशाला? शू करायला! मुले हे घरी जाऊन सगळ्यांना सांगतात.

अंधारू लागले की एकेक उडते. प्रत्येक मुलाला एक दिशा वाटून द्या आणि दहा-दहाच्या गटाने मोजायला लावा. मीटरभर लांब दोरी जमिनीवर पसरून दाखवा: यांचे पंख याहूनही रुंद. डोळे आणि नाक तीक्ष्ण, त्यावरच ती फळ शोधतात. दिव्याभोवती भिरभिरणारी छोटी वटवाघळे मात्र किडे टिपतात, तेही आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून.

काही नियम कडक ठेवा. वटवाघळाला, त्याच्या विष्ठेला हात लावायचा नाही, उष्टे फळ खायचे नाही, गुहेत शिरायचे नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह या जीवघेण्या विषाणूची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली होती. चावले किंवा ओरखडले तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. जखमी वटवाघूळ दिसले तर महाराष्ट्रात वनविभागाला 1926 वर कळवा.

उन्हाळ्यात पुन्हा जा. आईच्या छातीला बिलगलेले पिल्लू दुर्बिणीतून दिसू शकते. तिला वर्षाला बहुधा एकच होते.