उचलता येईल तेवढंच भात कापा

मुरबाड-शहापूरकडची हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भातं पिवळी पडली की घरोघरी घाई सुरू होते. पोरं भिवंडीच्या गोदामांत नाहीतर कंपनीत कामाला. मग रविवार धरून सगळं शेत एकदम आडवं करायचं, मळणी पुढच्या रविवारी. परतीचा पाऊस नेमका या मधल्या दिवसांत गाठतो. म्हणून ऑक्टोबरपुरता माझा आग्रह एवढाच की सकाळी कापलेलं भात वाळवून, पेंढ्या बांधून खळ्यावर न्यायला किती माणसं आहेत ते आधी मोजा, मग विळा हातात घ्या. दोन खाचरं उभी राहिली तरी चालतील. उभं पीक एखादी सर सोसतं, जमिनीवर पसरलेलं सोसत नाही. हळव्या जातींचे दाणे पाण्यात राहिले तर लोंबीतच कोंब धरतात.

कापणी कधी? लोंबीतले 80 ते 90 टक्के दाणे पिकले की. शेंड्याकडचे दाणे पिवळेधमक आणि बुडाकडचे दोन-चार अजून हिरवट, अशी लोंब दिसली की वेळ झाली. सगळंच कडक वाळायची वाट पाहिलीत तर दाणा शेतात झडतो आणि गिरणीत कणी जास्त पडते. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांध फोडून पाणी काढा. कापताना दातेरी वैभव विळ्याने जमिनीलगत कापा, कारण खोडकिडीची अळी बुडख्यातच दडून राहते.

बांधाजवळ तुटलेल्या लोंब्यांचा सडा दिसला तर ते उंदरांचंच काम समजू नका. लष्करी अळी दिवसा चुडाच्या, म्हणजे भाताच्या ठोंबाच्या बुडाशी, जमिनीच्या भेगांत लपते आणि रात्री लोंब्या कुरतडते. तयार झालेलं खाचर अशा वेळी आधी कापून घ्यावं.

पावसाने गाठलंच तर भिजलेले भारे एकावर एक रचू नका. आत ऊब धरते, दाणा पिवळा पडतो, वास येतो. बांधावर उभे करा, उलटेपालटे करा. आणि भात हलवण्याआधी फोटो काढून तलाठ्याला आणि कृषी सहायकाला कळवा. पंचनाम्याला नुसतं सांगणं पुरत नाही.

मळणीनंतर भात ताडपत्रीवर पातळ पसरून अधूनमधून पाय फिरवत वाळवा. सरकारी खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घरच्या कणगीत मात्र 12 ते 14 च्या वर नको. मापायला यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवा. मीठ दाण्यांना किंवा काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. दातांनी दाणा फोडून पाहणारे जुने लोक क्वचितच चुकतात, पण बाटलीने वाद मिटतो.

बियाण्याचं भात कापणीआधीच वेगळं राखा, त्यातली उंच वाढलेली, वेगळ्या दाण्याची भेसळ उपटून टाका. केंद्रावर विकायचं असेल तर नोंदणी आणि सातबाऱ्यावरची पीक पाहणी आताच तपासा.

खाचर रिकामं झालं की ओल उडायच्या आत वाल टाका. दिवाळीनंतर बघू म्हणाल तर माती दगडासारखी होते.