मजुरीवर गुंतवणुकीपेक्षा कमी कर असावा का, हे घरच्या घरी कसे पडताळावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा विषय बहुधा पगाराच्या दिवशी निघतो आणि ‘शेअरवाल्याला साडेबारा टक्के, पगारदाराला तीस’ एवढ्यावर मिटतो. मत बनवण्याआधी कोरा कागद घ्यावा, दोन्ही बाजूंना सारखेच उत्पन्न लिहावे आणि टक्क्यांऐवजी रुपये काढावेत.

2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत 12 लाख 75 हजार पगारावर, 75 हजारांची प्रमाणित वजावट आणि करसवलत धरून, आयकर शून्य होतो. तेवढाच नफा वर्षाहून अधिक काळ ठेवलेले सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर विकून झाला आणि दुसरे उत्पन्न नसले, तर 4 लाखांची करमुक्त मर्यादा व 1 लाख 25 हजारांची सूट वजा करून उरलेल्या साडेसात लाखांवर साडेबारा टक्क्यांनी 93,750 रुपये कर बसतो, कारण ती करसवलत या नफ्याला मिळत नाही. इथे पगारच फायद्यात आहे, हे मजुरीची बाजू घेणाऱ्याने आधी मान्य करावे. हाच हिशेब 40 लाख 75 हजारांवर केला, तर पगारावर 7,80,000 आणि शेअरच्या नफ्यावर 4,43,750 रुपये कर येतो. 4 टक्के उपकर दोन्हीकडे वेगळा.

नंतर ‘गुंतवणूक’ हा शब्द फोडावा. बँकेतील ठेवीचे व्याज आणि 2020-21 पासून लाभांशही पगाराच्याच टप्प्यांनी करपात्र आहेत. निवृत्त कामगाराची ठेव आणि मोठ्या भागधारकाचा नफा एकाच रकान्यात घातल्यास उत्तर चुकते. शिवाय पगाराचा कर हातात पैसे येण्याआधी कापला जातो, शेअरच्या वाढीवर मात्र विकेपर्यंत काही द्यावे लागत नाही.

यानंतर झीज लिहावी, कारण माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथ झिजतो म्हणून मालकाला आयकरात सर्वसाधारणपणे दरवर्षी 15 टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळते. त्याच लेथपुढे तीस वर्षे उभे राहून ज्याचे गुडघे आणि कान गेले, त्याला सर्व पगारदारांना मिळते तीच 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणून सरसकट कमी दराऐवजी ही वजावट महागाईबरोबर वाढावी आणि मोठ्या भांडवली नफ्यावर चढता दर असावा, असे मला ठामपणे वाटते.

शेवटी पगारपत्रकावरील व्यवसाय कराची ओळ पाहावी. राज्य सरकारचा हा कर कामधंद्यावर आहे, लाभांशावर नाही. कर्नाटकात तो महिना 25 हजार पगारापासून सुरू होतो. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला 10 हजारांवरच महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300 लागतात. त्यामुळे बेळगावात राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी 20 हजारांवर उद्यमबागेत जाणाऱ्याचे काही कापले जात नाही आणि सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला जाणाऱ्याचे वर्षाला 2,500 जातात. आयकराची मागणी 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाआधी खासदाराकडे लेखी द्यावी आणि कर्नाटकच्या व्यवसाय कराची आपल्या आमदाराकडे. शिनोळीच्या कामगाराने मात्र आपला अर्ज कामगार संघटनेमार्फत मुंबईला पाठवावा, कारण त्याचा व्यवसाय कर जी विधानसभा ठरवते, तिथे त्याचे मत नाही.