रिक्षा घरच्या अंगणात जॅकवर घ्यायची तर

पावसाळा सरला की ब्रेकचे ड्रम साफ करणं, बेअरिंगला ग्रीस भरणं ही कामं गोव्यात बरेच रिक्षावाले घरीच उरकतात. ही कामं तशी सोपी. धोका असतो तो गाडी उचलताना. रिकामी रिक्षासुद्धा साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, आणि इंजिन मागे असल्याने बरंचसं वजन मागच्या चाकांवर येतं.

आधी जागा बघा. काँक्रीटची सपाट जमीन मिळाली तर उत्तम. मातीचं किंवा सारवलेलं अंगण असेल तर जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली (उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात तो लोखंडी टेकू) किमान फूटभर लांबी-रुंदीची जाड प्लायची फळी घाला, नाहीतर वजन येताच पाय मातीत रुततो आणि गाडी कलते. टेकू म्हणून चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, वापरू नका. घराच्या भिंतीत चिरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण लोखंडी चॅसीचा (गाडीच्या सांगाड्याचा) भार एका टोकावर आला की तोच तडकतो, ओला असेल तर लवकरच. पोकळ सिमेंट ब्लॉकचं तेच, आणि माडाचा ओंडका तर सरळ घरंगळतो. दोन टन क्षमतेचा जॅक आणि त्याच क्षमतेच्या स्टँडची जोडी, एवढा खर्च करावाच.

आता अडण, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून चाकं अडवणं. बहुतेक रिक्षांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. म्हणजे मागची दोन्ही चाकं उचलली की तो असून नसून सारखाच. गाडी पुढच्या एकट्या चाकावर उभी, आणि ते चाक वळतंही, फिरतंही. म्हणून हँडल सरळ करा आणि पुढच्या चाकाला पुढून-मागून दोन्हीकडे लाकडी पाचर ठोका. गिअरवर भरवसा ठेवू नका. एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरेन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला गिअरची अडवणूक उरत नाही. पुढचं चाक उचलायचं असेल तर काम सोपं: हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पाचर लावा.

मागची बाजू मधोमध एकच जॅक लावून उचलणं ही सर्रास होणारी चूक. तेव्हा गाडी पुढचं चाक आणि जॅक अशा दोनच टेकूंवर, एका रेषेत उभी असते. नटावर जोर दिला की आडवी. त्यापेक्षा एक बाजू थोडी उचलून स्टँड लावा, मग दुसरी, आणि हवी तेवढी उंची दोन्हीकडे थोडी-थोडी वाढवत न्या. स्टँड जितके बाहेरच्या बाजूला तितकं बरं.

उचलण्यापूर्वी चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जॅक चॅसीच्या भक्कम आडव्या पट्टीखाली लावा. नेमकी जागा कंपनीच्या पुस्तिकेत असते. इंजिनचा तळ, सायलेन्सर, ॲक्सलचे रबरी बूट, फ्लोअरचा पत्रा यांना हात लावायचा नाही. हरमल, बेतुलसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा चॅसी आतून खाते. जॅकच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. बोदा आवाज आला, गंजाचे पापुद्रे पडले, तर तिथे जॅक नको. आधी वेल्डरकडे.

मागची बाजू वर जाते तशी गाडी पुढच्या चाकाभोवती किंचित फिरते, त्यामुळे जॅक जिथे टेकलाय ती जागा सरकते. चाकांचा ट्रॉली जॅक गाडीबरोबर सरकला पाहिजे. त्याची चाकं रेतीत अडकली की डोकं निसटतं. बाटलीसारखा उभा असणारा बाटली जॅक सरकतच नाही, म्हणून त्याने एका दमात फार उंच उचलू नका. सस्पेन्शन लोंबतं, त्यामुळे चाक जमीन सोडायला वाटतं त्यापेक्षा जास्त उचलावं लागतं. टायरखाली दोन-तीन सेंटिमीटर फट दिसली की बस.

स्टँड लावून जॅक हळू उतरवा, वजन स्टँडवर बसू द्या. मग बाजूला उभं राहून गाडीला हाताने हलका धक्का द्या. डुलली तर उतरवून नव्याने लावा. नुसत्या जॅकवर असताना हातसुद्धा खाली जाता कामा नये. काढलेलं चाक किंवा स्टेपनी चॅसीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड दगा देतो तेव्हा तेवढीच जागा वाचवते.

चौघांनी मिळून रिक्षा कुशीवर आडवी करण्याची पद्धत नाक्यावर दिसते. घाईत पंक्चर काढायला ठीक म्हणतात, पण बॅटरीचं ॲसिड आणि पेट्रोल सांडतं, शिवाय ती चाकांवर परत येताना कुणाचा तरी पाय मध्ये सापडतो.

रिम दोन भागांची असेल तर ते भाग जोडणारे नट हवा पूर्ण सोडल्याशिवाय उघडू नका. हवा भरलेली असताना रिमचा अर्धा भाग उडून तोंडावर येतो.

उतरवताना उलटा क्रम: चाक बसवून नट हाताने आवळा, गाडी थोडी उचलून स्टँड काढा, चाक जमिनीला लागलं की समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करा, शेवटी पाचर काढा. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.