मिनी लेथ घरी आली की आधी गिब घट्ट करा

सात इंची स्विंगची (म्हणजे जास्तीत जास्त सात इंच व्यासाची वस्तू फिरवू शकणारी) चिनी मिनी लेथ खोक्यातून काढल्या काढल्या लोखंड कापायला घेऊ नका. तिच्यावर गंज लागू नये म्हणून चोपडलेलं चिकट ग्रीस असतं. ते रॉकेलने पुसून काढा आणि बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, मशीन ऑइलचा हात फिरवा.

मग खरं काम. क्रॉस स्लाइड, म्हणजे टूलला (कापायच्या हत्याराला) आडवा पुढेमागे नेणारा भाग, हाताने हलवून बघा, बहुतेक वेळा ती खडखडते. बाजूच्या गिबचे (स्लाइडच्या फटीतला ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) छोटे स्क्रू थोडे थोडे आवळा, स्लाइड जड पण अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. नवशिक्यांना वाटतं मोटर कमजोर आहे, पण काप थरथरतो तो बरेचदा या ढिलेपणामुळे. या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या, माझ्या मते ती सार्थकी लागते.

टूलची उंची तपासायला लेथ बंद ठेवून गोल सळई आणि टूलचं टोक यांच्यात स्टीलची पट्टी हलकेच दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला, म्हणजे सळईच्या मध्याच्या उंचीवर, आहे. वरची बाजू तुमच्याकडे झुकली तर टूल खाली आहे, टूलच्या बुडाशी पत्र्याची शिम (पातळ तुकडा) घाला.

पहिला काप अॅल्युमिनियम किंवा पितळेवर घ्या. आणि चकची (वस्तू पकडून फिरवणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये कधीच, क्षणभरही, विसरू नका.