मॅडन शिकताना आधी सेफ्टीकडे बघा

अमेरिकन फुटबॉलचा ‘मॅडन’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा लावणाऱ्याचं सगळं लक्ष बॉलवर आणि बटणांवर असतं. बटणं चार संध्याकाळींत हाताला बसतात. सामना हातातून जातो तो बॉल हलायच्या आधी, दोन्ही संघ समोरासमोर उभे असतानाच्या काही सेकंदांत. समोरचा बचाव, आणि त्यातले सगळ्यात मागचे राखणदार म्हणजे सेफ्टी, कसे उभे आहेत हे तेव्हा कोणी बघतच नाही. म्हणून खाली त्या सेकंदांवर जास्त लिहिलं आहे, बाकीचं कामापुरतं.

नवी आवृत्ती दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास येते. शिकायला एखाद-दोन वर्षं जुनी चालते. न्यू जर्सीच्या मावसभावाकडून डिस्क मागवणार असाल तर आधी आपला कन्सोल तपासा. डिजिटल एडिशनला डिस्क घालायची फटच नसते, आणि ‘मॅडन २६’पासून प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन वगळले आहेत. प्लेस्टेशन ५ वर अमेरिकेतली डिस्क खेळायला अडचण येत नाही, मात्र गेमच्या आत काही विकत घ्यायचं तर स्टोअरचं खातं डिस्कच्याच प्रदेशातलं लागतं. तसंही खेळाडूंचे पत्ते जमवून संघ बांधायच्या ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात सुरुवातीला पैसे घालू नयेत. तिथे पत्त्यांची पाकिटं विकत घ्यावीशी वाटतात आणि खेळ शिकायचा राहून जातो.

टीव्हीवर गेम मोड लावा आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर बटण दाबणं आणि पडद्यावरची हालचाल यांत फरक पडतो, आणि किक मारताना जोराचा मीटर हमखास चुकतो. बॉक्समधली एचडीएमआय केबल आखूड पडली तर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळेल. हा गेम सेकंदाला ६० फ्रेम्सवर चालतो, त्यामुळे ‘फोर-के, ६० हर्ट्झ’ लिहिलेली केबल पुरते, महागडी घ्यायची गरज नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, तेव्हा फ्रँचाइझचा (अख्खा हंगाम खेळायच्या प्रकारातला) लांबलचक सामना त्या दिवशी काढू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलायला लागणाऱ्या क्षणभरातही कन्सोल बंद पडू शकतो.

सेटिंग्जमध्ये पातळी ‘रूकी’ किंवा ‘प्रो’, क्वार्टर ६ मिनिटांचा आणि पासचा प्रकार ‘क्लासिक’ ठेवा. असा सामना पाऊण-एक तासात उरकतो. खऱ्या सामन्यासारखा १५ मिनिटांचा क्वार्टर लावला तर रात्रीचं जेवण राहील. स्किल्स ट्रेनर नावाचा सरावाचा भाग आधी करून घ्या. कंटाळवाणा आहे, पण पासचे सगळे प्रकार तिथेच नीट कळतात.

नियम थोडक्यात. प्रत्येकी ११ खेळाडू, मैदान १०० यार्डांचं आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन. १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. बॉल समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाऊनचे ६, त्यानंतरच्या किकचा १ किंवा पुन्हा आत शिरलात तर २, बॉल खांबांमधून किक केला तर फील्ड गोलचे ३, आणि समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं तर सेफ्टीचे २ गुण (सेफ्टी खेळाडूशी याचा संबंध नाही). पडद्यावर ‘३ अँड ७’ दिसलं की तिसरा डाऊन आहे आणि ७ यार्ड बाकी आहेत, एवढंच.

बटणांची नावं प्लेस्टेशनची देत आहोत. एक्सबॉक्सवर एक्सच्या जागी ए, गोलाच्या जागी बी, चौकोनाच्या जागी एक्स आणि त्रिकोणाच्या जागी वाय.

आता मुख्य गोष्ट. एक्स दाबून स्नॅप घेण्याआधी, म्हणजे बॉल खेळात आणण्याआधी, बचावाच्या सगळ्यात मागे उभे असलेले खेळाडू शोधा. ते सेफ्टी. नेहमीच्या कॅमेऱ्यात ते पडद्याच्या वरच्या कडेला अर्धवट दिसतात. आर-२ दाबून धरला की दृश्य मागे सरकतं आणि आपल्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्यांच्या, वाटाही रेषांनी दिसतात. मध्यभागी एकच सेफ्टी खोल उभा असेल तर बहुधा कव्हर १ किंवा कव्हर ३ आहे; आकडा खोलवर राखण करणाऱ्यांचा. दोघं बाजूबाजूला असतील तर कव्हर २ किंवा कव्हर ४.

बचाव माणसामागे माणूस लावतोय की जागा राखतोय हे कळायला एका रिसीव्हरला मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपआधीच आडवं धावायला, पाठवा. गोल दाबायचा, मग त्या रिसीव्हरचं बटण, मग डावी स्टिक आडवी. त्याच्याबरोबर एक बचावपटू मैदान ओलांडून धावला तर मॅन, सगळे पाऊलभर सरकून थांबले तर झोन.

एवढं कळलं की पास कुठे टाकायचा ते जवळजवळ ठरतं. कव्हर ३ मध्ये खोलवर तिघं असतात, म्हणून एकाच बाजूला तीन उंचींवर तीन रिसीव्हर पाठवणारा ‘फ्लड’ खेळा. कडेचा बचावपटू, म्हणजे कॉर्नर, लांबच्या रिसीव्हरमागे जातो, खालचा बचावपटू फ्लॅटमधल्या, म्हणजे साइडलाइनकडच्या जवळच्या जागेतल्या, रिसीव्हरकडे वळतो आणि मधला मोकळा राहतो. कव्हर २ मध्ये भोक पडतं ते साइडलाइनजवळ, कॉर्नरच्या मागे आणि सेफ्टीच्या पुढे. तिथे ‘कॉर्नर’ नावाचा रूट (रिसीव्हरची वाट) जातो. दोन सेफ्टींच्या मधली खोल जागाही मोकळी असते. कव्हर ४ असेल तर लांब पासचा हट्ट सोडा, थोडं पुढे जाऊन परत वळणाऱ्या ‘कर्ल’ला छोटे पास टाका किंवा सरळ पळा. मॅनला ‘मेश’, ‘ड्रॅग’, ‘स्लँट’ असे आडवे जाणारे रूट तोडतात, कारण मागून धावणारा अर्धं पाऊल उशिराच पोचतो.

निवडलेला प्ले, म्हणजे आखलेली चाल, जुळत नसेल तर चौकोनाने पूर्ण प्ले बदलता येतो, त्रिकोणाने एकाच रिसीव्हरची वाट. वरच्या पातळीवर आणि खऱ्या माणसाविरुद्ध खेळताना सेफ्टी स्नॅपनंतर जागा बदलून फसवतात, म्हणून स्नॅपनंतरच्या पहिल्या सेकंदात पुन्हा एकदा त्यांच्याकडे नजर टाका.

पास टाकताना रिसीव्हरच्या डोक्यावरचं बटण टिचकीसारखं दाबलं तर बॉल उंच जातो, धरून ठेवलं तर सरळ आणि वेगात. नवशिक्यांचे बहुतेक इंटरसेप्शन (बचावाने पास झेलणं) मधल्या लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या ओळीमागच्या बचावपटूच्या, डोक्यावरून उंच पास टाकण्याने होतात. मध्यातून टाकायचा असेल तर बटण धरूनच टाका, आणि बॉल जिथे हवा त्या दिशेला डावी स्टिक ढकला.

दुसरी सवय घातक आहे: दडपण आलं की पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला मागे-मागे पळवणं. आपल्या ओळीच्या टोकाचे अडवणारे, म्हणजे टॅकल, तो सुमारे ७ यार्ड मागे असेल असं समजून कडा अडवतात. तो १५ यार्ड मागे गेला की कडेने येणाऱ्याला मोकळी वाट मिळते. त्यापेक्षा एक-दोन पावलं पुढे या. पॉकेटमध्ये, म्हणजे अडवणाऱ्यांच्या आडोशात, आर-२ दाबू नका (स्नॅपनंतर ते वेगाचं बटण होतं), पळत टाकलेल्या पासचा नेम जातो. कोणीच मोकळं नसेल तर उजवी स्टिक आत दाबून बॉल बाहेर फेका.

रनमध्ये चूक एकच, पण सगळे करतात. हातात बॉल आला की लगेच आर-२. ब्लॉकर जागेवर पोचायच्या आधीच धावणारा त्यांच्या पाठीवर आदळतो. आपल्या गार्डमागे, म्हणजे मधल्या ब्लॉकरमागे, चालत राहा, फट दिसली आणि लाइन ओलांडली की मग वेग घ्या. गर्दीत शिरताना आर-१ धरून बॉल सांभाळा. गर्दीत गोल दाबून गिरक्या घेतल्या की बॉल सुटतो.

बचावात सुरुवातीला कडेचा डिफेन्सिव्ह एंड घ्या आणि मागची राखण कॉम्प्युटरवर सोडा. सेफ्टी स्वतः चालवायला गेलात तर एका चुकीच्या पावलात टचडाऊन बसतं. धावणाऱ्याला पाडायला चौकोनाने लांबून झेप घ्यायचा मोह आवरा. कबड्डीत मागून धावून पकड होत नाही, चढाईवाल्याची परतीची वाट अडवावी लागते. इथेही तो जिथे पोचणार आहे तिथे जा, समोरून भिडा, बाकीचं गेम करतो. पास हवेत असताना त्रिकोण बॉल झेलायला आणि चौकोन तो पाडायला. भरवसा नसेल तर पाडा. तिसऱ्या डाऊनला १० च्या आसपास यार्ड बाकी असतील तर ‘डाइम’ लावा, त्यात पास अडवणारे जास्त असतात.

चौथ्या डाऊनला हिशेब करा. फील्ड गोलचं अंतर म्हणजे बॉल ज्या यार्डरेषेवर आहे त्यात १७ मिळवायचे: १० एंड झोनचे, ७ किकसाठी बॉल मागे नेऊन धरल्याचे. ३० यार्डच्या रेषेवरून किक ४७ यार्डांची होते. ती बहुतेक किकर मारतात, पण वाऱ्याचा बाण बघून नेम सरकवा. बॉल मध्यरेषेच्या मागे असेल तर निमूटपणे पंट करा, म्हणजे लाथेने बॉल लांब उडवून समोरच्याला द्या.

एकाच सोफ्यावर दोघं खेळत असाल तर आर-२ ने रेषा दाखवणं बंद, कारण त्या शेजारच्यालाही दिसतात. प्लेच्या वाटा आधीच सरावात पाठ करा. सहा-सात पुरतात: दोन रन, एक फ्लड, एक मेश, एक प्ले-ॲक्शन (रनचं सोंग करून पास), एक चार व्हर्टिकल्स (चौघं सरळ लांब).

खरा सामना बघून शिकायचं असेल तर रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री १०:३० ला सुरू होतात, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की ११:३० ला. बॉलऐवजी सेफ्टी बघत राहा. त्यांचं उभं राहणं बघून समालोचकाच्या आधी कव्हर सांगता येऊ लागलं की पातळी ‘ऑल-प्रो’वर न्यायला हरकत नाही.