क्यूजीआयएसची मराठी मार्गदर्शिका लिहिताय? या चुका टाळा

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर २००२ साली सुरू झालं. आज पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांपासून भूगोलाच्या विद्यार्थ्यांपर्यंत कितीतरी जण ते वापरतात आणि त्याच्या मराठी मार्गदर्शिकाही निघू लागल्या आहेत. आपल्याला जमलेली गोष्ट दुसऱ्यासाठी लिहून ठेवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात, म्हणूनच स्पष्ट लिहितो. यातल्या बऱ्याच मार्गदर्शिका वाचणाऱ्याला अर्ध्या वाटेत सोडून देतात. कार्यशाळेत कोणी अडकलं की मी आधी विचारतो, "कशावरून करताय?" मग फोनवर एक पीडीएफ उघडते, आणि अनेकदा चूक त्या पीडीएफमध्येच सापडते. अडकलेला माणूस मात्र तोवर "मला हे जमणारं नाही" असं ठरवून बसलेला असतो. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

"सीआरएस बदला" एवढंच लिहून पुढे जाणं

सीआरएस म्हणजे नकाशावरच्या जागांचे आकडे कोणत्या पद्धतीत मोजले आहेत ते सांगणारी व्यवस्था. ही चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींची नोंद केली होती. उन्हात फिरून, मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश घेतले होते. प्रत्येक विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येणार नाही, असं बंधन महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्याने घातलं. तेव्हापासून पाण्याचं काम करणाऱ्यांच्या तोंडी ५०० मीटर हा आकडा पक्का बसलेला आहे.

त्यांच्या हातातल्या मार्गदर्शिकेत दोनच ओळी होत्या: "सीआरएस बदलून ईपीएसजी ३२६४३ करा. मग बफर काढा." (३२६४३ हा मीटरमध्ये मोजणाऱ्या सीआरएसचा ईपीएसजी यादीतला क्रमांक; बफर म्हणजे भोवतीचं वर्तुळ.) पोरांनी विहिरींच्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या थरावर, राइट-क्लिक करून 'सेट लेयर सीआरएस' निवडलं आणि ३२६४३ दिलं. विहिरी नकाशावरून गायब! 'झूम टू लेयर' केलं तर सगळे बिंदू एकावर एक, हिंद महासागरात, विषुववृत्ताला लागून, मालदीवच्याही पश्चिमेला.

असं का झालं? 'सेट लेयर सीआरएस' आकड्यांना हात लावत नाही. ते आकडे कोणत्या पद्धतीतले समजायचे, एवढंच ते क्यूजीआयएसला सांगतं. त्यामुळे ७३.८५ अंश आणि १८.५२ अंश हे आकडे ७३.८५ मीटर आणि १८.५२ मीटर म्हणून वाचले गेले. आकडे खरोखर बदलायचे, तर 'रीप्रोजेक्ट लेयर' हे वेगळं टूल आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला हा फरक नक्की माहीत असणार, पण त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की लिहावं असं त्याला वाटलंच नाही.

पुढे जे झालं ते जास्त गंभीर होतं. घाईने सीआरएस परत ४३२६, म्हणजे अंशांत मोजणारा, केला आणि बफरमध्ये ५०० टाकलं. एकक अंशांचं, म्हणजे ५०० अंशांचं वर्तुळ. सगळा पडदा एका रंगाने भरला. मग कोणीतरी ग्रुपवर सांगितलं, "०.००५ टाका, होतंय." वर्तुळं दिसली, सगळे खूश. पण पुण्याच्या आसपास ०.००५ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ५५० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ५३०. कोणाचं शेत आत आणि कोणाचं बाहेर हे ज्या नकाशावरून बोललं जाणार, तो असा जुगाड करून काढलेला. असले शॉर्टकट मला अजिबात मान्य नाहीत. उत्तर दिसलं म्हणजे बरोबर आलं, ही सवय नवशिक्याला एकदा लागली की सुटत नाही, आणि ती लागते अर्धवट लिहिलेल्या पायऱ्यांमुळेच.

हीच पायरी मी अशी लिहितो:

"प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये 'रीप्रोजेक्ट लेयर' शोधून उघडा. टार्गेट सीआरएसमध्ये ईपीएसजी ३२६४३ निवडा आणि रन करा. यादीत 'रीप्रोजेक्टेड' नावाचा नवा लेयर येईल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इन्फर्मेशन' उघडा. 'एक्स्टेंट'समोर सहा-सात अंकी आकडे दिसले तर पुढे जा. ७३, १८ असे दिसले तर तुम्ही जुनाच लेयर उघडला आहे. ३२६४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांसाठी आहे; नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकरांनी ३२६४४ घ्यावा."

लांबी वाढते, कबूल. पण हा मजकूर वाचणारा एकटा बसून काम पुरं करू शकतो. पायरी झाल्यावर काय दिसायला हवं आणि ते दिसलं नाही तर काय चुकलं, हे प्रत्येक महत्त्वाच्या पायरीखाली आलंच पाहिजे.

आवृत्ती न लिहिणं

२०१८ साली क्यूजीआयएस ३ आलं आणि लेयर जतन करण्याचं 'सेव्ह अॅज' उठून 'एक्स्पोर्ट'च्या आत गेलं. जुनी प्लगइन्स, म्हणजे वरून जोडायची साधनं, पायथन २ या जुन्या भाषेत लिहिलेली होती, ती सुधारल्याशिवाय चालेनात. तरी आजही फिरणाऱ्या मार्गदर्शिकांत जुनी वाट सांगितलेली असते. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तिच्यामागे धावू नका. दीर्घकाळ सांभाळली जाणारी एलटीआर आवृत्ती धरा आणि पहिल्याच ओळीत तिचा आकडा व तपासल्याची तारीख टाका.

फक्त स्क्रीनशॉट, तेही पीडीएफमध्ये

चित्रं हवीतच. पण चित्रात अडकलेला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, मेनू बदलला तर दुरुस्तही करता येत नाही. मूळ फाइल कोणाकडे आहे हे वर्षभरात कोणालाच सांगता येत नाही, आणि चुकीची पीडीएफ ग्रुपागणिक फिरत राहते.

सगळ्यात जास्त त्रास एक्स्प्रेशनचा, म्हणजे डेटा निवडायला लिहायच्या सूत्राचा, होतो. क्यूजीआयएसमध्ये रकान्याचं नाव दुहेरी अवतरणात येतं आणि मजकूर एकेरी अवतरणात: "गाव" = 'शिरवळ'. चित्रात हा फरक नीट दिसत नाही, म्हणून माणूस दोन्हीकडे दुहेरी चिन्ह टाइप करतो. मग 'शिरवळ' नावाचा रकानाच नाही अशी तक्रार येते. मजकूर वर्डमध्ये लिहिला असेल तर वर्ड सरळ अवतरणं आपोआप वळणदार करतं. ती कॉपी करून टाकली की एक्स्प्रेशन चालतच नाही, आणि डोळ्यांना चूक दिसतही नाही. म्हणून एक्स्प्रेशन साध्या टेक्स्ट फाइलमधून द्या. मी तर मार्गदर्शिकेत टाकलेलं प्रत्येक एक्स्प्रेशन तयार झालेल्या पानावरून परत कॉपी करून चालवून बघतो आणि मगच पुढे पाठवतो.

लक्षणावरून शोधता न येणं

अडकलेल्या माणसाला कारण माहीत नसतं, त्याला फक्त दिसतंय ते माहीत असतं. म्हणून अडचणींच्या प्रकरणात शीर्षकं लक्षणांचीच द्या. "बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतात" हे उत्तम शीर्षक आहे. पुण्याच्या परिसरातले एक्स आणि वाय उलटे टाकले की बिंदू बरोबर तिथेच, बेअर आयलंडच्या दक्षिणेला जातात. एक्समध्ये रेखांश टाकायचा. "मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात" म्हणजे एन्कोडिंग (फाइलमध्ये अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ नाही. "रकान्याची नावं तुटली" म्हणजे डेटा शेपफाइल या फाइल-प्रकारात आहे. तिच्यात नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, आणि देवनागरीत त्याहूनही लवकर संपतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा.

आणखी काही, थोडक्यात

शेपफाइल पाठवताना नुसती .shp फाइल पाठवू नका. सोबतच्या .shx, .dbf आणि .prj नसतील तर ती निरुपयोगी आहे.

सरावाचा डेटा द्याच, आणि तो आपल्या भागातला द्या. क्यूजीआयएसच्या मूळ पुस्तिकेतला नमुना डेटा अलास्काचा, फुटांमध्ये मोजलेला आहे. साताऱ्याच्या मुलीला त्यात चूक झाली तरी कळणार कशी?

चॅटबॉटकडून मार्गदर्शिका लिहून घेऊन न तपासता टाकू नका. नसलेले मेनू त्यात बिनदिक्कत येतात. ज्याने ते काम स्वतः केलं नाही, त्याने त्याच्या पायऱ्या लिहू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येकाने नवी मार्गदर्शिका काढायची गरज नाही. आहे तीत एक ओळ दुरुस्त करणं हे जास्त उपयोगाचं काम आहे. क्यूजीआयएसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुलं आहे, साध्या मजकूर फाइल्समध्ये. चूक दिसली तर तिथे इश्यू, म्हणजे चुकीची नोंद, टाका. कोड येत नसला तरी चालतं.

लिहून झालं की लगेच प्रसिद्ध करणं

मी आधी एक माणूस शोधतो, ज्याने क्यूजीआयएस कधी उघडलेलं नाही. त्याच्यासमोर मार्गदर्शिका ठेवतो, शेजारी बसतो आणि तोंड बंद ठेवतो. हे सोपं नाही, बोट दाखवायचा मोह फार होतो. त्याचा माउस जिथे थांबला, तिथे कागदावर खूण करतो. तो थांबला म्हणजे मजकूर अपुरा आहे. त्याला समजावून सांगायचं नाही. जे तोंडाने सांगावंसं वाटलं तेच त्या पायरीखाली लिहायचं, आणि पुढच्या वेळी दुसरा नवा माणूस बसवायचा. पहिल्याला आता सगळं येतं, त्याचा तपासणीला उपयोग नाही. त्याला पुढचं प्रकरण लिहायला द्या.