परग्रहवासी घडवताना आधी गुडघे लपवा

टीव्हीवरचा परग्रहवासी चेहऱ्यामुळे फसण्याआधी गुडघ्यांमुळे फसतो. दोन पाय, रुंद खांदे, वाकणारी कोपरं दिसली की आतला माणूस लगेच ओळखू येतो. १९६३ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी रेमंड क्युसिक यांनी डालेक नावाचे परग्रहवासी आखले, तेव्हा कलाकाराला आत बसवून पायच झाकून टाकले. म्हणून पहिलं काम कागदावरचं: पात्राची नुसती काळी आकृती काढा. तिच्यात माणूस दिसत असेल तर खांद्यांचा उतार बदला, कोपरं झग्यात घ्या. पैसे नसतील तर पात्र कंबरेच्या वरच दाखवा, त्यात कमीपणा नाही.

आता चेहरा. त्यावर सिलिकॉनचा तुकडा चिकटवायचा, म्हणून आधी कलाकाराच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा. कलाकाराच्या भुवया-पापण्यांना व्हॅसलिन, केसांवर टोपी, मग गार पाण्यात कालवलेलं अल्जिनेट, म्हणजे साचा घ्यायची घट्ट होणारी पूड. कोमट पाण्यात ते हातातच घट्ट होतं. वर प्लास्टरच्या पट्ट्यांचे ३-४ थर. एका माणसाने फक्त नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, एवढंच बघायचं. अल्जिनेट वाळलं की आकसतं, तेव्हा साचा उतरवल्याबरोबर जिप्सम ओता.

तयार झालेल्या चेहऱ्यावर बिनगंधकाची तेलकट माती लावून नवा चेहरा घडवा. गंधकाच्या मातीला किंवा लेटेक्सच्या हातमोज्यांना लागलं तर पुढे ओतायचं प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रबर) जमतच नाही, दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. मोजे नायट्राइलचे वापरा. डोळे आणि ओठांजवळ जाडी २-३ मिमी ठेवा, नाहीतर कलाकाराचे भाव आतच अडकतात. सुरकुत्या स्नायूच्या ओढीला काटकोनात हव्यात. त्वचेची छिद्रं पातळ प्लॅस्टिक पसरून त्यावरून टोचा, म्हणजे कडा गोलसर येतात. थेट मातीत टोचलेलं भोक भोकासारखंच दिसतं.

सगळा खेळ कडेचा आहे. माती बाहेरच्या बाजूला निमुळती होत शून्यावर यायला हवी. तिच्यापुढे ३-४ मिमी जागा मोकळी सोडा आणि त्याबाहेर ५ मिमी जाडीचा मातीचा पट्टा फिरवा. मग यावर प्लास्टरचा साचा घेऊन माती काढली की साच्याचे दोन भाग त्या अरुंद मोकळ्या पट्टीवरच टेकतात आणि जास्तीचं सिलिकॉन बाहेरच्या खळग्यात उतरतं. पट्टा विसरलात तर साचा पूर्ण मिटत नाही, कडा जाड येते, आणि जाड कडा कुठल्याच रंगाने झाकत नाही.

प्लास्टरचा साचा शेलॅकने बंद करून रिलीज एजंट लावा, मग दोन्ही बाजूंना कॅप प्लॅस्टिकचे (सिलिकॉनवर पातळ कातडी धरणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचे) पातळ हात द्या. सिलिकॉनचं सुरुवातीचं प्रमाण: भाग अ १०० ग्रॅम, भाग ब १०० ग्रॅम, डेडनर (सिलिकॉन मऊ करणारा द्रव) १०० ग्रॅम, मोजमाप अंदाजाने नाही, काट्यावर. डेडनर वाढवला तर मांस मऊ होतं, पण अती झालं तर प्लॅस्टिकला चीर पडताच चिकट लगदा बाहेर येतो. रंग चिमूटभर, सोबत लाल-निळं फ्लॉक, म्हणजे बारीक रंगीत तंतू. गच्च रंग घातला की कातडी खेळण्यातल्या रबरासारखी दिसते, कारण उजेड आत शिरत नाही.

लावताना त्वचा अल्कोहोलने पुसा, मध्यभागापासून बाहेर जा. प्रोसेड हा त्वचेचा गोंद वापरत असाल तर तो पारदर्शक होईपर्यंत थांबा. पांढरं असतानाच दाबलं तर घसरतं. कडा ॲसिटोनच्या बोळ्याने विरघळवा, मात्र डोळ्यांजवळ कधीच नाही. तिथे अल्कोहोलमध्ये विरघळणारं कॅप प्लॅस्टिक निवडा. घामाने आधी सुटतात ते ओठांचे कोपरे, कारण बोलताना तीच जागा सर्वांत जास्त हलते. जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे नक्की बघा. रंगीत लेन्स नेत्रतज्ज्ञाकडून बसवून घेतल्याशिवाय घालू नका.

गळ्याखाली श्वास दिसायला हवा असेल तर तुकड्यामागे छोटा फुगा ठेवा, बारीक नळी मानेमागून काढा आणि ५० मिलीच्या सिरिंजने कॅमेऱ्याबाहेरून हवा द्या.

उतरवताना कडा फाटतात, म्हणजे एक तुकडा एकाच दिवसाचा. २० दिवसांचं चित्रीकरण असेल तर किमान २२ तुकडे आधीच ओतून ठेवा आणि रोजच्या रंगाचे फोटो काढा. काढताना कडेखाली रिमूव्हर सोडत हळूहळू उचला, ओढू नका. कलाकाराला तीच त्वचा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत खुर्चीत बसायचं असतं.